लेकॉक: एव्हनकाठचे एक गाव

इंग्लंडात एव्हन नावाच्या नद्या एकापेक्षा जास्त आहेत. शेक्सपिअरच्या गावावरून वाहते ती वेगळी, सॉल्सबरीच्या कॅथीड्रलजवळून जाते ती आणखी वेगळी. आपल्याला हवी आहे ती एव्हन कॉट्सवोल्डच्या टेकड्यांच्या दक्षिण टोकाला उगम पावते आणि चिपनम, मेल्कशम, बाथ, ब्रिस्टल अशी गावे घेत सेव्हर्न नदीच्या मुखाशी जाऊन मिळते. उगम आणि मुख यांच्यातले सरळ अंतर जेमतेम ३१ किलोमीटर आहे, पण नदी वाहते १३४ किलोमीटर. एवढी वळणे घेणाऱ्या नदीला घाई नसते. पाऊस वाढला की ती काठावरच्या कुरणांत पसरते, चार दिवस तिथेच थांबते आणि गाळ ठेवून मागे सरते. त्या गाळावर गवत माजते, गवतावर मेंढ्या पोसतात, आणि मेंढ्यांच्या लोकरीवर एके काळी अख्खा इंग्लंड देश श्रीमंत झाला होता.

विल्टशर परगण्यात, चिपनमच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरांवर, अशाच एका कुरणाच्या कडेला लेकॉक हे गाव आहे. गाव केवढे, तर चार रस्त्यांचे. हे चार रस्ते मिळून एक चौकोन होतो आणि तो सावकाश चालले तरी पंधरा-वीस मिनिटांत पुरा होतो. पण त्या चौकोनात तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची घरे एकमेकांना खांदा लावून उभी आहेत, आणि त्यांत माणसे राहतात. इंग्लंडात सुंदर खेडी पुष्कळ आहेत. लेकॉकचे महत्त्व नुसत्या सौंदर्यात नाही. एखादे गाव सातशे-आठशे वर्षे टिकते ते कशामुळे, याचे उत्तर इथे जितके स्पष्ट वाचता येते तितके फार थोड्या ठिकाणी येते. ते उत्तर एका स्त्रीपासून सुरू होते आणि दुसऱ्या एका स्त्रीच्या निर्णयापाशी येऊन थांबते.

पहिली स्त्री एला, सॉल्सबरीची काउंटेस. वडिलांची जहागीर तिला स्वतःच्या हक्काने मिळाली होती. तिचा नवरा विल्यम लाँगस्पे हा दुसऱ्या हेन्री राजाचा अनौरस मुलगा, म्हणजे जॉन राजाचा सावत्र भाऊ. सॉल्सबरीचे कॅथीड्रल बांधायला घेतले तेव्हा पायाचे दगड बसवणाऱ्यांत हे दोघे होते आणि १२२६ मध्ये विल्यम वारल्यावर त्याला त्याच कॅथीड्रलमध्ये पुरले. एला त्या वेळी चाळिशीच्या आत होती. दौलत मोठी, तेव्हा तिने दुसरे लग्न करावे यासाठी दबाव येणे साहजिक होते. तिने लग्न केले नाही. ती विल्टशरची शेरीफ झाली; परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त पाहण्याचे हे राजाचे अधिकारपद त्या काळी बाईकडे असणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती. मग १२३२ मध्ये तिने एव्हनच्या काठी आपल्या मालकीच्या कुरणात ऑगस्टिनियन जोगिणींसाठी मठ स्थापला. परंपरा अशी सांगते की एकाच दिवशी, सकाळी तिने लेकॉकची पायाभरणी केली आणि वीसेक किलोमीटरांवरच्या हिंटन इथे दुपारी दुसऱ्या मठाची केली. पुढे ती स्वतः लेकॉकला जोगीण म्हणून आली, मठाची प्रमुख झाली आणि १२६१ मध्ये तिथेच वारली. तिच्या थडग्यावरची शिळा आजही मठाच्या ओवरीत आहे.

मठासाठी नदीकाठ निवडणे हा निव्वळ भक्तीचा भाग नव्हता. मठ म्हणजे त्या काळी एक मोठा संसार होता. स्वयंपाकाला पाणी, बिअर गाळायला पाणी, शौचकूप वाहते ठेवायला पाणी, उपासाच्या दिवसांसाठी मासे, दळणाला गिरणी, जनावरांना चारा या सगळ्याची सोय नदी करते. मात्र नदीच्या अगदी तोंडाशी बसले तर पूर घरात शिरणार. म्हणून मठ कुरणाच्या पातळीपेक्षा किंचित उंच जागी बांधला आणि गाव त्याच्या पश्चिमेला, आणखी आत वसले. आजही हिवाळ्यात एव्हन फुगते तेव्हा मठापुढची कुरणे जलमय होतात, मेंढ्या वर हलवाव्या लागतात. नदीचा हा हक्क मान्य करूनच गावाची आखणी झाली होती. मठ आणि नदी यांच्यामध्ये आठशे वर्षांत कुणी घरे बांधली नाहीत, त्यामुळे पूर्वेकडचा देखावा अजून मोकळा आहे: आधी गवत, मग विलोची झाडे, मग पाणी आणि पलीकडे बोडन हिलचा चढ.

शेरीफ म्हणून एलाच्या घराण्याकडे आलेला म्हणा किंवा परगण्यातल्या सरदारांनी सुरक्षित राहावा म्हणून ठेव ठेवलेला म्हणा, मॅग्ना कार्टाचा एक मूळ दस्तऐवज या मठात सांभाळला गेला. जॉन राजाने १२१५ मध्ये सरदारांच्या दबावाखाली जी सनद दिली, तिची तिसऱ्या हेन्रीने १२२५ मध्ये पुन्हा जारी केलेली ही विल्टशर परगण्याची प्रत. राजाही कायद्याच्या वर नाही, हे लेखी मान्य करणाऱ्या त्या कागदाला (कागद म्हणायचे, पण आहे ते चामडे) सातशे वर्षे या आडगावातल्या भिंतींनी जपले. लेकॉकची ही प्रत आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मठाच्या आधाराने गाव वाढले. मठाला बाजार भरवण्याचा हक्क मिळाला, आसपासच्या टेकड्यांवरची लोकर इथे येऊ लागली आणि लोकरीबरोबर विणकर, रंगारी, व्यापारी आले. हाय स्ट्रीट गावच्या मानाने अवास्तव रुंद आहे. बाजार रस्त्यातच भरत असे, हे एकदा कळले की त्या रुंदीचा उलगडा होतो. काही घरांचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे काढलेला दिसतो आणि त्याला लांबच लांब खिडक्या आहेत. मागाला उजेड लागतो. त्या खिडक्या विणकरांसाठी ठेवलेल्या. चर्च स्ट्रीटवरचे ‘साइन ऑफ दी एंजल’ हे पंधराव्या शतकातले घर लोकरीच्या व्यापाऱ्याचे होते. पुढे तिथे खाणावळ झाली. नावातला देवदूत बायबलमधून थेट आलेला नाही. देवदूत मायकेलचे चित्र असलेले ‘एंजल’ नावाचे सोन्याचे नाणे इंग्लंडात चालत असे, त्यावरून हे नाव पडले. व्यापाऱ्याच्या घराला शोभेल असेच!

हाय स्ट्रीटच्या खालच्या टोकाला चौदाव्या शतकातले धान्याचे कोठार आहे. शेतकऱ्याने पिकाचा दहावा हिस्सा मठाला द्यायचा आणि तो इथे साठवायचा. बाहेरून ही इमारत साधी, दगडी, जवळजवळ रुक्ष दिसते. आत शिरून वर पाहावे. छप्पर वाकड्या ओकच्या कमानींवर पेललेले आहे, आणि त्या बनवण्याची रीत अशी: एखादे वाकडे वाढलेले ओकचे झाड निवडायचे, त्याचे खोड उभे चिरायचे म्हणजे सारख्याच वळणाचे दोन फाळके मिळतात, आणि ते समोरासमोर उभे करून माथ्याला जोडायचे. त्यामुळे भिंत आणि छप्पर यांचा भार एकाच लाकडातून जमिनीकडे उतरतो. अशा कमानींची रांग लावली की त्यांवर आढे, पाटे आणि वासे चढवता येतात. लोखंडाचा खिळा लागत नाही. भोकात लाकडी खुंटी ठोकली की काम झाले. ओक ओला असतानाच कापून जोडत, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. जोडल्यानंतर लाकूड वाळत जाते, आकसते, थोडे पिळवटते आणि सांधे आणखी घट्ट धरते. जुन्या इंग्लिश घरांच्या भिंती तिरक्या दिसतात त्या बऱ्याच अंशी याच कारणाने. तो म्हातारपणाचा कल नाही, लाकूड तरुण असतानाच पडलेला आहे.

हीच पद्धत लहान घरांतही दिसते. चर्च स्ट्रीटवरच्या एका घराच्या बाहेरच्या भिंतीत असाच वाकडा ओक उघडा पडलेला आहे. लाकडी चौकटींमधल्या जागा हेझेलच्या काटक्या विणून भरत आणि वरून माती, चुना, पेंढा आणि शेण यांचा गिलावा देत. कोकणातला कारवीचा कूड ज्याने पाहिला आहे त्याला ही भिंत परकी वाटणार नाही. नंतरच्या शतकांत पैसा आला तशी काहींनी पुढची बाजू दगडाची किंवा विटांची करून घेतली, त्यामुळे अठराव्या शतकाचा दर्शनी भाग आणि त्यामागे चौदाव्या शतकाचा सांगाडा असा प्रकार गावात जागोजाग आहे.

कोठाराला लागूनच घुमटाच्या छपराची एक लहानशी दगडी खोली आहे. ही गावची कोठडी. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर इथे कोंडत. खिडकी नसल्यामुळे विल्टशरमध्ये अशा कोठड्यांना ‘आंधळे घर’ म्हणतात. दारू जिथे मिळे ते जॉर्ज इन इथून फार दूर नाही. हे इन गावातले सर्वांत जुने आणि त्यात एक वस्तू आहे जी मुद्दाम पाहावी. चुलाण्याच्या बाजूला वर एक लाकडी चाक बसवले आहे. त्या चाकात आखूड पायांचे, लांब अंगाचे कुत्रे सोडत. कुत्रे चालू लागले की चाक फिरे आणि चाकाला पट्ट्याने जोडलेली मांसाची सळई विस्तवावर गोल फिरत राही. या कामासाठी कुत्र्यांची वेगळी जात जोपासली होती. यांत्रिक सळया आल्या आणि एकोणिसाव्या शतकात ती जात नाहीशी झाली. तासन् तास आगीशेजारी चालणाऱ्या त्या मुक्या प्राण्यांची गावात उरलेली निशाणी हे चाक.

१५३९ मध्ये मठ संपला. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडून देशभरातले मठ खालसा केले, त्यात लेकॉक अगदी शेवटच्यांपैकी होते. पुढच्याच वर्षी विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबारी माणसाने ही मालमत्ता ७८३ पौंडांना विकत घेतली. इतर ठिकाणी अशा खरेदीदारांनी मठ पाडून दगड विकले किंवा त्यांतून नवे वाडे उभारले. शॅरिंग्टनने मठाचे चर्च पाडले खरे, पण जोगिणींच्या ओवऱ्या, सभागृह, शेकोटीची खोली हे सगळे जसेच्या तसे ठेवून वरच्या मजल्यावर आपले घर थाटले. म्हणून लेकॉक हा एक विलक्षण वाडा झाला आहे: वर सरदारी दालने आणि तळमजल्यावर संपूर्ण मध्ययुगीन मठ. पंधराव्या शतकातल्या ओवरीच्या छताला जिथे दगडी फासळ्या मिळतात तिथे कोरीव गाठी आहेत, त्यांवर प्राणी, चेहरे, पाने यांची चित्रे आहेत. थंडीच्या दिवसांत जोगिणींना ऊब घेण्यासाठी राखलेल्या खोलीत १५०० साली फ्लँडर्समधल्या मेखेलन इथे ओतलेली भली मोठी धातूची कढई आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटातला एक वर्ग याच खोलीत भरलेला आहे.

शॅरिंग्टन मात्र काही साधा माणूस नव्हता. ब्रिस्टलच्या टांकसाळीत तो अधिकारी होता आणि हिणकस नाणी पाडून त्याने स्वतःचा खिसा भरला. १५४९ मध्ये टॉमस सीमोर या दरबारी सरदाराच्या कटात त्याचे नाव आले. सीमोरचे डोके उडवले गेले, शॅरिंग्टन कबुली देऊन वाचला आणि जप्त झालेली जमीन त्याने पैसे भरून परत मिळवली. त्याने बांधलेला अष्टकोनी बुरूज वाड्याच्या कोपऱ्यावर, नदीच्या दिशेला उभा आहे. आतली कोरीव दगडी टेबले इंग्लंडातल्या आरंभीच्या रेनेसान्स कामाचा उत्तम नमुना मानली जातात. चोरीच्या पैशातून अभिरुची विकत घेता येत नाही असे आपण म्हणतो, पण या टेबलांपाशी तसे म्हणवत नाही.

त्याची पुतणी ऑलिव्ह हिची गोष्ट सतराव्या शतकातला चौकस लेखक जॉन ऑब्री याने लिहून ठेवली आहे. जॉन टॉल्बटशी लग्न करायला घरातून विरोध होता. एका रात्री ती छताच्या कठड्यावरून त्याच्याशी बोलत होती आणि बोलता बोलता तिने खाली उडी घेतली. वाऱ्याने घागरा फुगला म्हणून ती बचावली, खाली झेलायला उभा असलेला टॉल्बट मात्र निपचित पडला. तो शुद्धीवर आला आणि लग्न झाले. यात तिखटमीठ किती ते ऑब्रीच जाणे. लग्न झाले एवढे मात्र पक्के, आणि त्यातून लेकॉक टॉल्बट घराण्याकडे आले ते पुढची जवळजवळ चारशे वर्षे.

या चारशे वर्षांत गावाचे नशीब फिरले. लोकरीचा धंदा आधी मोठ्या गिरण्या चालवता येतील अशा आसपासच्या गावांकडे सरकला आणि मग यॉर्कशरकडे गेला. १८४१ मध्ये इंजिनिअर ब्रुनेलची ग्रेट वेस्टर्न रेल्वे चिपनमवरून गेली, लेकॉक बाजूला राहिले. कारखाना नाही, स्टेशन नाही, नव्या वसाहती नाहीत. बहुतेक घरे एकाच जमीनदाराची आणि त्या जमीनदाराकडेही उधळायला पैसा नाही. कुळाला घर पाडून नवे बांधायची मुभा नव्हती आणि ऐपतही नव्हती. आज ज्या देखाव्याचे आपण कौतुक करतो त्यामागे गावाची ही दीर्घ गरिबी आहे, हे विसरणे त्या लोकांवर अन्याय करण्यासारखे होईल. ओलसर खोल्यांत, गळक्या छपराखाली, बुटक्या दारांतून वाकून ये-जा करत पिढ्या गेल्या.

टॉल्बट घराण्यातल्या एका माणसाने मात्र या गावाचे नाव जगाच्या इतिहासात कायमचे लिहिले. विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट १८०० साली जन्मला. तो पाच महिन्यांचा असतानाच वडील गेले, मागे कर्ज उरले आणि वाडा भाड्याने द्यावा लागला. १८२७ मध्ये तो लेकॉकला राहायला आला. गणित, प्रकाशशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राचीन लिपी असे त्याचे विषय. १८३३ मध्ये तो इटलीत कोमो सरोवराच्या काठी बसून लोलकाच्या उपकरणाच्या मदतीने देखावा रेखाटत होता. हात चित्रकाराचा नव्हता, रेघा चुकत होत्या. भिंगाच्या पेटीतून कागदावर पडणारे निसर्गाचे चित्र तिथेच कायमचे उमटवून घेता आले तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो घेऊन तो एव्हनकाठी परतला.

त्याची रीत समजायला सोपी आहे. चांगला लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा. कागदाच्या धाग्यांत सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि त्यावर ऊन पडले की ते काळे पडते. पान किंवा लेस ठेवून कागद उन्हात धरला तर झाकलेला भाग पांढरा राहतो. पुन्हा मिठाचे दाट द्रावण लावले की उरलेला कागद प्रकाशाला फारसा बधत नाही. टॉल्बटने लहान लहान लाकडी पेट्यांना भिंगे बसवली, त्यांत हा कागद ठेवला आणि पेट्या वाड्याभोवती मांडून ठेवल्या. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणत असे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पेटीतून दक्षिण दालनातल्या जाळीदार खिडकीचे चित्र निघाले. ते टपालाच्या तिकिटापेक्षा फारसे मोठे नाही. त्याशेजारी टॉल्बटने लिहून ठेवले आहे की ते नवे होते तेव्हा भिंगातून काचेचे सुमारे २०० तुकडे मोजता येत. जगात आज शिल्लक असलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. फ्रान्समध्ये न्येप्सने त्याआधी धातूच्या पत्र्यावर छायाचित्र घेतले होते, त्यामुळे हे पहिले छायाचित्र नव्हे. पण एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची कल्पना, जिच्यावर पुढे डिजिटल कॅमेरा येईपर्यंत बहुतेक छायाचित्रण चालले, ती या खिडकीपाशी जन्मली.

त्या खिडकीबद्दल आणखी थोडे. वाड्याच्या दक्षिण बाजूला बाहेर उभे राहिले की भिंतीतून पुढे काढलेल्या तीन खिडक्या दिसतात; ही त्यांतलीच एक. त्या टॉल्बटनेच इथे आल्यावर बसवून घेतल्या होत्या, म्हणजे चित्र घेतले तेव्हा त्या काही वर्षांच्याच होत्या. ज्या भिंतीत त्या आहेत ती मात्र एलाच्या मठाची: शॅरिंग्टनने पाडलेल्या चर्चची उत्तर भिंत तेवढी उरली आणि ती वाड्याची दक्षिण भिंत झाली. चर्च उभे असते तर त्या भिंतीवर ऊन आलेच नसते. सोळाव्या शतकातल्या पाडापाडीमुळे एकोणिसाव्या शतकातल्या प्रयोगाला दक्षिणेचे ऊन मिळाले.

१८३९ च्या जानेवारीत पॅरिसमधून दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची बातमी आली आणि टॉल्बटने घाईघाईने आपले काम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. पुढच्या वर्षी त्याच्या लक्षात आले की कागदावर काहीच दिसत नसले तरी प्रकाशाचा ठसा आत उमटलेला असतो आणि रसायनाने तो वर आणता येतो. तासाचे काम मिनिटांवर आले. लेकॉकच्या ओवऱ्या, गंजीला टेकलेली शिडी, उघड्या दारात ठेवलेला झाडू हे त्याचे विषय. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या १८४४ ते १८४६ दरम्यान भागाभागांनी निघालेल्या त्याच्या पुस्तकात खऱ्या छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या होत्या. ही विद्या आपल्याकडे पोचायलाही वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे तिथल्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. टॉल्बटचा मुंबईशी आणखी एक धागा आहे. १८५७ मध्ये अ‍ॅसिरियन कीलाक्षर लिपी खरोखरच उलगडली आहे का, हे पडताळण्यासाठी चार विद्वानांनी एकच लेख स्वतंत्रपणे वाचून पाकिटे बंद करून दिली. त्यांतला एक टॉल्बट, दुसरा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यातून आलेला हेन्री रॉलिन्सन. चारही भाषांतरे मुख्य मुद्द्यांत जुळली.

टॉल्बट १८७७ मध्ये लेकॉकला वारला. त्याच्या मुलाने वाड्याचा बारकाईने अभ्यास केला, पण त्याला मूलबाळ नव्हते. १९१६ मध्ये मालमत्ता त्याची भाची मटिल्डा हिच्याकडे आली. तिनेही लग्न केले नव्हते. वारसाकर, मोडकळीला आलेली शंभरावर घरे आणि दुसरे महायुद्ध अशा पेचात तिच्यापुढे सोपा मार्ग होता: तुकडे पाडून विकणे. त्याऐवजी १९४४ मध्ये तिने वाडा आणि जवळपास अख्खे गाव जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. मॅग्ना कार्टाची प्रत तिने राष्ट्राच्या हवाली केली. एलाने जे जोडले होते ते मटिल्डाने फुटू दिले नाही, एवढेच म्हणून थांबता येईल. पण माझ्या मते तिचा निर्णय एलाच्या निर्णयाहून अवघड होता, कारण तिच्याजवळ एलाची दौलत नव्हती.

ट्रस्टचे धोरण गाव राहते ठेवण्याचे आहे. घरे भाड्याने दिली जातात, शाळा चालते, सेंट सिरिअ‍ॅकच्या चर्चमध्ये प्रार्थना होते. मुख्य रस्त्यांवर विजेच्या तारा लोंबत नाहीत, छपरांवर अँटेना नाहीत. म्हणूनच चित्रपटवाले इथे येतात. बीबीसीच्या १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेतले मेरिटन हे गाव म्हणजे लेकॉकच. डागडुजी चुन्याने होते, सिमेंटने नाही. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. सिमेंट ती आत कोंडते आणि ओक सडवते. हे काम खर्चाचे आणि सावकाशीचे आहे. त्यात उन्हाळ्यात पर्यटकांची वर्दळ इतकी होते की रहिवाशांना स्वतःच्या दारातून बाहेर पडताना कुणाच्या तरी फोटोत यावे लागते. जिवंत गाव आणि बघण्याचे गाव यांतला ताण इथे रोजचा आहे, आणि तो सुटलेला आहे असे म्हणता येत नाही.

गर्दी टाळायची असेल तर चर्चच्या मागे जावे. तिथे बाइड ब्रुक नावाचा ओढा रस्त्यावरून उथळ वाहतो. गाड्या पाण्यातून जातात आणि पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला उंच वाट आणि ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला चिंचोळा दगडी पूल आहे. पूल पार करून टेकाड चढले आणि शेतातून उतरले की रेब्रिज ही लहानशी वस्ती लागते आणि पुन्हा एव्हन भेटते. तिथून काठाकाठाने कुरणे दिसतात. पाणी हिरवट, संथ, काठाला लव्हाळी आणि विलो. बगळा एका पायावर ताटकळलेला. एलाच्या जोगिणींनी जे पाहिले त्यातले बरेचसे इथे अजून आहे.

मुलांकडे इंग्लंडला जाणारी मराठी मंडळी बाथ आणि स्टोनहेंज आवर्जून पाहतात. लेकॉक या दोन्हींच्या वाटेवर आहे आणि सहलीच्या बस तिथे थांबतात, पण बहुधा तासाभरासाठी. तेवढ्यात वाडा आणि एक-दोन रस्ते होतात, नदी राहून जाते. शक्य असेल तर लंडनच्या पॅडिंग्टनहून चिपनमची गाडी धरावी, पुढे बसने यावे आणि अख्खा दिवस द्यावा. आणि पाऊस पडून गेलेला असेल तर पायांत चांगले बूट घालून आधी नदीकडे जावे, मग गावात.